वाचनालयाच्या संकेतस्थळाची पार्श्वभूमी काळी ठेवल्यास वीज खरोखर वाचते का?

अनेरकाठ
सर्व सदस्यांना नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याचे संकेतस्थळ नव्याने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अभ्यासिकेत बारा संगणक आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी आठपासून तेथे बसतात आणि ग्रंथसूची, जुन्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींची टिपणे हे सारे आमच्याच संकेतस्थळावर असल्यामुळे दिवसभर तीच पाने पडद्यावर उघडी असतात. यंदा एप्रिल-मेचे वीजबिल पाहून संचालक मंडळाला घाम फुटला. त्यानंतरच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ संचालकांनी, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, असा मुद्दा मांडला की संकेतस्थळाची पार्श्वभूमी काळी आणि अक्षरे पांढरी केली तर वीज वाचते, तेव्हा ती तशीच करावी. त्यांच्याकडे तशा अर्थाचा एक संदेश कुठून तरी आलेला होता. ठराव मंजूर होण्याच्या बेतात होता. मी पुढच्या बैठकीपर्यंतची मुदत मागून घेतली.

काळ्या रंगाशी माझे वैर नाही. वीज वाचत असेल तर मी आजच पाने काळी करीन. परंतु वाचते का, आणि वाचत असल्यास किती, हे मला आकड्यांत सांगता आले पाहिजे, कारण आप्पा पूर्वी पतसंस्थेचे हिशेब तपासत असत.

शेवभाजी
भारनियमनाच्या काळात आमच्याकडे सर्वच पडदे काळे असत आणि बचत शंभर टक्के होत असे, एवढे मी अनुभवाने खात्रीपूर्वक सांगू शकतो.

पांझराकाठचा कारागीर
धुळ्यात गेली वीस-बावीस वर्षे मॉनिटर आणि टीव्ही दुरुस्त करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या प्रश्नाचे उत्तर पडदा कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे, आणि आप्पांना आलेला संदेश एका जातीपुरता खरा आहे. अडचण एवढीच की ती जात आता भंगारात गेली.

जुना डबा मॉनिटर, म्हणजे काचेच्या नळीचा, हा मागच्या बाजूने इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर मारत असे आणि काचेच्या आतल्या बाजूला असलेला फॉस्फरचा लेप त्यामुळे उजळत असे. पांढरा रंग हवा असेल तर झोत जोरात मारावा लागे, काळा हवा असेल तर झोत जवळजवळ बंद. त्यामुळे डब्यावर काळे पान लावल्यास वीज खरोखरच कमी लागत असे.

आताच्या सपाट पडद्याचे, म्हणजे एलसीडीचे, तसे नाही. तो स्वतः उजळतच नाही. त्याच्या मागे किंवा कडेला दिवा असतो, पूर्वी बारीक नळीदिवे असत, आता एलईडीची पट्टी असते, आणि पुढच्या द्रवस्फटिकाच्या थराचे काम फक्त झडपेचे. पांढऱ्या पानाला झडप उघडी, काळ्या पानाला झडप बंद. मागचा दिवा दोन्ही वेळेला तितकाच जळतो. खिडकीला काळा पडदा लावला म्हणून खोलीतल्या बल्बचे बिल कमी होत नाही, त्यातला हा प्रकार.

उलट एक गंमत सांगतो. स्वस्त मॉनिटरमध्ये बहुधा टीएन जातीचे पॅनल असते. त्याची आतली फीत ढिली झाली किंवा पॅनलला व्होल्टेज मिळेनासे झाले की दिवा चालू राहतो आणि पडदा पांढराफटक पडतो. गिऱ्हाईक घाबरून येते आणि म्हणते की पडदा भुतासारखा पांढरा झाला आहे. याचा अर्थ असा की या पॅनलची विश्रांतीची अवस्था पांढरी आहे आणि काळे होण्यासाठीच त्याला व्होल्टेज द्यावे लागते. म्हणजे काटेकोर बोलायचे तर अशा पॅनलवर काळ्या पानाला किंचित जास्त वीज लागते. फरक नगण्य आहे, पण जो आहे तो आप्पांच्या विरुद्ध दिशेने आहे. आयपीएस नावाच्या दुसऱ्या जातीच्या पॅनलमध्ये हेच उलटे असते आणि फरक तेथेही तितकाच नगण्य.

केळीचा घड, रावेर
कारागीरदादा, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, तरी मला हे पटत नाही. मागच्या महिन्यात मी माझ्या मोबाइलवर डार्क मोड लावला आणि तेव्हापासून बॅटरी रात्री साडेआठ-नऊपर्यंत पुरते. पूर्वी संध्याकाळी शेतातून परत येईपर्यंत मान टाकत असे. प्रत्यक्षाहून उत्कट तुम्हास आणखी कोणता पुरावा हवा?

दीपनगर कॉलनी
आप्पांकडे आलेल्या संदेशाचे मूळ बहुधा २००७ सालातले असावे, त्याविषयी लिहितो. माझी सारी नोकरी दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात गेल्यामुळे हा हिशेब मी त्या वेळी हौसेने तपासला होता.

जानेवारी २००७ मध्ये एका अमेरिकी लेखकाने आपल्या ब्लॉगवर असे मांडले की गूगलचे मुख्य पान काळे केले तर वर्षाला ७५० मेगावॉट-तास वीज वाचेल. त्याचा हिशेब असा होता: पूर्ण पांढऱ्या पानाला मॉनिटर सुमारे ७४ वॉट घेतो, पूर्ण काळ्याला ५९, म्हणजे फरक १५ वॉटचा. दिवसाला वीस कोटी शोध आणि प्रत्येक शोधाला पान दहा सेकंद पडद्यावर, असे धरले तर रोज साडेपाच लाख तासांहून थोडे अधिक भरतात. त्यांना १५ वॉटने गुणा, वर्षाचे करा, आणि जगातल्या मॉनिटरांपैकी एक चतुर्थांशच काचेच्या नळीचे उरले आहेत असे धरून चार भागा. उत्तर ७५० च्या जवळपास येते. हा शेवटचा भागाकार फार महत्त्वाचा आहे, कारण मूळ लेखकालाही हे ठाऊक होते की ही बचत फक्त डबा मॉनिटरपुरती आहे. पुढे संदेश फिरत गेला आणि नेमके तेवढेच वाक्य वाटेत गळाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने ब्लॅकल नावाचे काळे शोधपान सुरू केले आणि ऑगस्टमध्ये गूगलनेही आपली बाजू मांडली की सपाट पडद्यांवर काळ्या पानाने बचत होत नाही, प्रसंगी वीज थोडी जास्तही लागू शकते.

आता ७५० मेगावॉट-तास म्हणजे किती, हे आपल्याकडच्या मापाने पाहा. ते साडेसात लाख युनिट होतात. ऐकायला मोठे वाटते. दीपनगरचा ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तेवढी वीज दीड तासात तयार करतो. साऱ्या जगाने वर्षभर काळे पान पाहायचे आणि वाचवायची ती आमच्या एका संचाची दीड तासाची वीज!

शेवभाजी
दादा, ७५० मेगावॉट म्हणजे तर दीपनगरचा दीड संच झाला. तो वर्षभर बंद ठेवता आला असता की!

दीपनगर कॉलनी
मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांत गल्लत करू नका. मेगावॉट म्हणजे नळाची धार आणि मेगावॉट-तास म्हणजे हंड्यात भरलेले पाणी. बचत हंड्याची सांगितली आहे, धारेची नव्हे. वर्तमानपत्रांतही ही चूक वरचेवर दिसते, त्यामुळे आपल्याला दोष देत नाही.

कळण्याची भाकरी
केळीचा घड यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. कारागीरदादांनी दोन जाती सांगितल्या. तिसरी जात ओएलईडी पडद्यांची आहे आणि ती आता अनेक मोबाइलांत असते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थोडे व्याख्यान सहन करावे.

ओएलईडी पडद्यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. म्हणून तेथे काळ्या पार्श्वभूमीने वीज निश्चितपणे वाचते. किती वाचते, हे मात्र ब्राइटनेस किती ठेवता यावर ठरते. २०१८ साली गूगलने स्वतःच आकडे दिले होते की यूट्यूबच्या डार्क मोडमुळे ब्राइटनेस निम्मा असताना पडद्याची वीज १५ टक्के आणि पूर्ण असताना ६० टक्के वाचते. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा लोकप्रिय अ‍ॅप घेऊन फोनच्या एकूण विजेचा हिशेब केला. ब्राइटनेस १०० टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. पण बहुतेक लोक घरात ठेवतात तशा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर बचत ३ ते ९ टक्केच निघाली. इतका फरक हाताला जाणवणेही कठीण आहे.

आणि यातून वाचते ती बॅटरी, बिल नव्हे. मोबाइलच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधली गळती धरली तरी एकदा पूर्ण चार्ज करायला फार तर अडीच शतांश युनिट लागते. रोज एकदा चार्ज केले तरी वर्षाचे नऊ-दहा युनिट. त्यातले नऊ टक्के वाचले तर वर्षाला एक युनिटही होत नाही.

आपला पडदा कोणत्या जातीचा हे ओळखण्याची सोपी रीत सांगते. रात्री खोलीतले सारे दिवे घालवा, पडदाभर पूर्ण काळे चित्र उघडा आणि मिनिटभर डोळे सरावू द्या. पडदा राखाडी, किंचित निळसर उजळलेला दिसला तर मागे दिवा आहे. पडदा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो हेच कळेनासे झाले तर ओएलईडी आहे.

केळीचा घड, रावेर
आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री प्रयोग केला. दिवे घालवले, काळे चित्र उघडले, आणि फोन चुलीतल्या राखेसारखा मंद उजळून माझ्याकडे पाहत राहिला. माझा पडदा साधा एलसीडी निघाला.

मग बॅटरी पुरते कशी, याचा विचार करत बसलो असता मुलीने उलगडा केला. डार्क मोड ज्या दिवशी लावला त्याच दिवशी तिने ब्राइटनेसही पूर्णावरून निम्म्यावर आणला होता. श्रेय काळ्या रंगाने घेतले आणि काम दुसऱ्यानेच केले. वाद मागे घेतो.

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. हा सारा खटाटोप ती खाटेवर बसून पाहत होती. मी तिला सांगितले की पडदा काळा केला की वीज वाचते असे लोक म्हणतात. ती अहिराणीत एवढेच म्हणाली, "हाऊ दिवा काया कसा व्हई?" म्हणजे, हा दिवा काळा कसा होईल? कारागीरदादांच्या तीन परिच्छेदांचे सार तिने एका ओळीत सांगितले, असे आता वाटते.

पांझराकाठचा कारागीर
मातोश्रींना नमस्कार सांगा. दुकानात पाटी लावीन.

सातपुड्याची सावली
विजेच्या हिशेबात माणसाचे डोळे धरले नाहीत तर हिशेब चुकेल, म्हणून लिहिते आहे. नंदुरबारला माझ्या घरी अभ्यासिकेसारखीच एक खोली आहे आणि तिला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत पडद्यावर काळे पान उघडले की पडद्याचा आरसा होतो. मजकुराच्या जागी खिडकी, पंखा आणि स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो. मग हात आपोआप ब्राइटनेसच्या बटणाकडे जातो. पांढऱ्या पानावर तोच पडदा चाळीस टक्क्यांवर वाचता येतो. एलसीडीवर ब्राइटनेस वाढवणे म्हणजे मागचा दिवा मोठा करणे, आणि तेथे वीज खरीच लागते. म्हणजे वीज वाचवण्यासाठी लावलेल्या काळ्या पानाने वीज वाढली. बीबीसीच्या संशोधन विभागानेही अलीकडे हेच पाहिले. काळे पान समोर आल्यावर पाहणीतील दहापैकी आठ जणांनी ब्राइटनेस वाढवला.

दुसरा मुद्दा देवनागरीचा. काळ्यावर पांढरी अक्षरे असली की बाहुली विस्फारते आणि उजळ रेघांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. ज्यांना दृष्टिवैषम्य आहे त्यांना हे जास्त जाणवते. रोमन लिपीतही हा त्रास होतो. आपल्याकडे मात्र रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हे सारे शिरोरेषेच्या वर दाटीने बसलेले असते, आणि जोडाक्षरांत "द्व"चा "ध्द" वाचला जातो. परीक्षेच्या मुलांनी दहा-दहा तास असे वाचायचे का, याचाही विचार मंडळाने करावा.

गिरणाथडी
मला येथील सूर थोडा खटकतो. आप्पांचा उपाय चुकला असेल, पण वीज वाचवावी असे त्यांना वाटले हे काय वाईट आहे? थेंबे थेंबे तळे साचे, असे आपणच मुलांना शिकवतो. शिवाय दादांचे "मागचा दिवा तितकाच जळतो" हे विधानही सरसकट खरे नाही. काही महागड्या टीव्हींत आणि मॉनिटरांत मागचा दिवा शेकडो तुकड्यांत विभागलेला असतो आणि चित्रातील काळ्या भागामागचा तुकडा मंद होतो. तेथे काळ्या पानाने वीज कमी होणारच.

पांझराकाठचा कारागीर
गिरणाथडी यांचे म्हणणे बरोबर आहे, ती सुधारणा मान्य. तसे मॉनिटर माझ्या बाकावर वर्षाकाठी एखाददुसरा येतो. वाचनालयाच्या अभ्यासिकेत तो असेल असे मात्र वाटत नाही. आणि आप्पांची चेष्टा कोणी करत नाही. थेंब साचवायला हरकत नाही, पण थेंब पडतो आहे की नाही हे तरी आधी पाहावे.

जुना टंकलेखक
१९९० च्या आसपास मी भुसावळात नोकरीला लागलो तेव्हा संगणकावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवीच अक्षरे असत आणि आम्हाला ती पांढरी करण्याची सोयच नव्हती. त्या काळी आम्ही आपोआप पर्यावरणस्नेही होतो, हे आज समजले. त्या पडद्यांवर एकच मजकूर फार काळ राहिला तर त्याचा डाग काचेवर कायमचा उमटत असे. आमच्या हजेरीपत्रकाचे रकाने पडदा बंद असतानाही दिसत. स्क्रीनसेव्हर आला तो या डागासाठी, विजेसाठी नव्हे. पण नावात "सेव्हर" असल्यामुळे लोक अजून त्याला वीज वाचवणारा समजतात.

अंमळ अमळनेर
आतापर्यंत सर्वांनी तत्त्व सांगितले. मी मोजून पाहिले. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर आहे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो, त्यात मॉनिटरची पिन, आणि त्याच्या पडद्यावर वॉटचा आकडा. रविवारी दुपारी दोन मॉनिटर तपासले.

पहिला साडेअठरा इंची एलईडी दिव्याचा एलसीडी. पूर्ण पांढरे पान, ब्राइटनेस शंभर: १८ वॉट. पूर्ण काळे पान: १८ वॉट. दहा वेळा उलटसुलट केले. दशांशाच्या पुढचा आकडा लुकलुकत होता, पण तो काळ्या-पांढऱ्याच्या तालावर नाही, व्होल्टेजच्या तालावर. त्यानंतर पान तेच ठेवून ब्राइटनेस निम्मा केला, तर १२ वॉट. मॉनिटर स्टँडबायवर टाकला तर मीटरने शून्यच दाखवले, म्हणजे अर्ध्या वॉटच्या आतच काहीतरी.

दुसरा माळ्यावरचा सतरा इंची डबा. वर चढून त्याला खाली काढताना घरच्यांचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळे. पांढऱ्याला ७१, काळ्याला ५८. म्हणजे २००७ सालचा हिशेब चुकीचा नव्हता. पण आता दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून पाहा: काळे पान दाखवणारा डबा ५८ वॉट खातो आणि पांढरे पान दाखवणारा सपाट पडदा १८. अनेरकाठ, आपल्याकडे एखादा डबा अजून चालू असेल तर त्याचे पान काळे करू नका, त्यालाच काढून टाका.

ज्यांच्याकडे वॉटमीटर नाही त्यांच्यासाठी घरचा वीजमीटरही पुरेसा आहे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी "३२०० इम्पल्स" असे काहीसे छापलेले असते. याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सारे बंद करून एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा, साठने गुणा आणि ३२०० ने भागा, किलोवॉट मिळतील.

शेवभाजी
म्हणजे मीटरचा दिवा काळा झाला तरच खरी बचत.

तापीपार
एक शंका. पाने काळी केली आणि मुलांनी प्रश्नपत्रिका छापल्या तर शाई जाईल ती कोणाच्या खात्यात?

कळण्याची भाकरी
बहुतेक ब्राउझर पार्श्वभूमीचा रंग आपणहून छापत नाहीत, तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. त्यामुळे शाईची भीती नको. उलट एखाद्या वेळी पांढरी अक्षरे पांढऱ्या कागदावर छापली जातात आणि कोरा कागद हाती येतो, असे मी एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी अनुभवले आहे.

अनेरकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशीर झाला, कारण अंमळ अमळनेर यांची मीटर मोजण्याची रीत वाचल्यावर मलाही राहवले नाही आणि जे निघाले ते लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार करत होतो.

गेल्या सोमवारी वाचनालयाला सुट्टी होती. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे सकाळी सातला गेलो. जिन्याखाली मीटरची पेटी आहे. तिचे दार गंजलेले, आत कोळ्यांची जाळी. मोबाइलच्या उजेडात पाहिले तर आमच्याही मीटरवर ३२०० च छापलेले होते. इमारतीत माझ्याशिवाय कोणी नव्हते, पंखे बंद, दिवे बंद, कूलर बंद. लाल दिवा शांत असेल किंवा क्वचित लुकलुकेल अशी माझी अपेक्षा होती. तो भराभर लुकलुकत होता. घड्याळ लावून तीन वेळा मोजले. प्रत्येक वेळी मिनिटाला ३० ते ३२. एकतीस धरून हिशेब केला तर ५८० वॉटच्या आसपास.

वर अभ्यासिकेत गेलो. बाराही पडदे काळे होते. काळे आहेत म्हणजे बंद आहेत, असे आम्ही सारेच इतके दिवस समजत होतो. एकाचा माऊस हलवला तर आमच्या संकेतस्थळाचे पान समोर उजळले. जुना टंकलेखक यांनी ज्याचे वर्णन केले तोच, काळा कोरा स्क्रीनसेव्हर, कोणीतरी कधीतरी सर्व यंत्रांवर लावून ठेवला होता. बारापैकी नऊ संगणक रात्रभर चालू होते, मॉनिटरच्या मागच्या दिव्यासकट.

अभ्यासिका रात्री सातला बंद होते आणि सकाळी आठला उघडते. तेरा तास गुणिले ५८० वॉट म्हणजे एका रात्रीचे साडेसात युनिट, महिन्याचे सव्वादोनशे. शेजारी ठेवायला दुसरा हिशेबही केला: बाराही मॉनिटरांचा ब्राइटनेस निम्मा केला तर सहा वॉट गुणिले बारा गुणिले अकरा तास, दिवसाचे पाऊण युनिटच्या जवळपास. आणि काळ्या पार्श्वभूमीचे शून्य.

दीपनगर कॉलनी
मीटर वाचून दोष शोधणे ही आमच्या नोकरीतली पहिली शिकवण होती. आपण उत्तम केलेत. पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही की यंत्राने स्लीपमध्ये जावे, अशी सेटिंग प्रत्येक संगणकात असते. ती लावून घ्या आणि स्क्रीनसेव्हर काढून टाका. नंतर पुन्हा एकदा दिवा मोजा.

गिरणाथडी
या सगळ्यात मंडळाने आप्पांना दोष देऊ नये, एवढे पाहा. त्यांनी विषय काढला नसता तर मीटरच्या पेटीचे दार कोणी उघडले नसते.

अनेरकाठ
कालच बैठक झाली. मी हिशेबाचा एक कागद करून नेला होता. आप्पांनी तो खिशातल्या पेनाने ओळीने तपासला, "तेरा गुणिले" येथे थांबून स्वतः गुणाकार केला आणि वर पाहून विचारले, "हे रात्रीचे कुलूप कोण लावतो?" कुलूप लावणारे त्यांचेच पुतणे आहेत, त्यामुळे थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

शेवटी ठराव असा झाला: पार्श्वभूमी पांढरी राहील, ज्या वाचकाला काळी हवी त्याच्यासाठी पानाच्या कोपऱ्यात बटण असेल, सर्व यंत्रे पंधरा मिनिटांनी स्लीपमध्ये जातील, ब्राइटनेस निम्मा राहील, खिडकीजवळची तीन टेबले मात्र वगळून, कारण सातपुड्याची सावली यांचा आरशाचा मुद्दा आमच्याकडेही तंतोतंत खरा निघाला. नोंदणीच्या टेबलावर एक डबा मॉनिटर अजून चालू आहे, तो काढण्यास ग्रंथपाल तयार नाहीत, कारण त्यावर त्यांनी गणपती बसवला आहे आणि सपाट पडद्यावर तो बसणार नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आप्पांना आता कूलर किती वीज खातो हे मोजायचे आहे. अंमळ अमळनेर, आपला वॉटमीटर आठवडाभरासाठी मिळू शकेल का?

अंमळ अमळनेर
शनिवारी चोपड्याला लग्नाला येतो आहे, तेव्हा घेऊन येईन. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर आकडा उसळतो, तो धरू नका. पाच मिनिटे थांबून मग लिहून घ्या. आणि मागच्या वेळी हा मीटर ज्यांनी नेला त्यांनी तो फ्रिजला लावला आणि तीन महिन्यांनी परत दिला, तेव्हा आप्पांकडून तारखेची चिठ्ठी घेईन.